बुडखा छाटल्यानंतरचे चौदा दिवस

बेंझोकेन हे भुलीचं औषध घातलेल्या पाण्यात अ‍ॅक्सोलॉटल निपचित व्हायला थोडा वेळ लागतो. हा पाण्यात राहणारा सॅलॅमँडर, म्हणजे सरड्यासारखा दिसणारा उभयचर प्राणी; त्याचा तुटलेला पाय परत उगवतो. उताणं केलं तरी ते पालथं होत नाही, पायाला चिमटा घेतला तरी पाय आखडत नाही, याची खात्री झाली की त्याला ओल्या कागदावर घ्यायचं. दंडाच्या मध्यावर एक सरळ काप द्यायचा. हा काप मला पहिल्याच दिवशी जमला. हात अडला तो पुढच्या कामाला. काप दिल्यावर कातडी आणि स्नायू मागे सरकतात आणि आतल्या हाडाचं टोक बाहेर डोकावतं. ते टोक बारीक कात्रीने मांसाच्या पातळीला आणावं लागतं. नाहीतर जखमेवर कातडीचा थर नीट बसत नाही आणि पुढे सगळंच बिघडतं. एकदा कापलेलं पुन्हा कापायचं, या विचारानेच माझी बोटं थिजली. शेजारी उभी असलेली माझी सीनियर काही बोलली नाही, नुसती थांबली. मी छाटलं.

त्या रात्री आत्याशी फोनवर बोलताना हे सांगितलं. आत्या शिरोळ तालुक्यात ऊस करते. ती म्हणाली, "मग त्यात काय एवढं? बुडखं छाटल्याबिगर खोडवा फुटतोय व्हय?"

ऊस तुटून गेला की उरलेले बुडखे कोयत्याने जमिनीलगत छाटतात, म्हणजे नवे कोंब खालून, जोमदार येतात. हे मी लहानपणापासून बघत आले होते. पण स्वतःच्या कामाशी ते जोडायला मला हजारो मैलांवरून आत्याच लागली. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं कडबाकुट्टीत गेली, तेव्हा मी सातवीत होते. मी हा विषय का घेतला, असं इथे अमेरिकेत मुलाखतीत विचारलं होतं. तेव्हा मी पुस्तकी उत्तर दिलं. खरं उत्तर ती बोटं होती.

मी मिडवेस्टमधल्या एका विद्यापीठात पीएचडी करते. आमचे प्राणी केंटकी विद्यापीठातल्या अँबिस्टोमा जेनेटिक स्टॉक सेंटरमधून येतात. हा साठा २००५ पर्यंत इंडियाना विद्यापीठात होता, मग केंटकीला गेला. जगभरच्या प्रयोगशाळांत आज असंख्य अ‍ॅक्सोलॉटल आहेत. पण त्यांचं मूळ घर म्हणजे मेक्सिको सिटीच्या दक्षिणेकडचा झोचिमिल्कोचा पाणथळ भाग, आणि तिथे ते नामशेष व्हायच्या टोकाला आले आहेत. टाकीपुढे उभं राहिलं की हे मला दरवेळी आठवतं. अंगठ्याएवढ्या रुंद तोंडाचा, डोक्याच्या दोन्ही बाजूंना गुलाबी पिसांसारखे कल्ले असलेला हा प्राणी सहसा आयुष्यभर डिंभावस्थेतच, म्हणजे पिल्लाच्याच रूपात राहतो, तसाच अंडीही घालतो. पिल्लं लहान असताना एकत्र ठेवली तर एकमेकांचे पाय तोडतात. म्हणून आम्ही त्यांना वेगवेगळ्या डब्यांत ठेवतो. आणि तोडलेले पाय परत येतात. स्पॅलान्झानी या इटालियन शास्त्रज्ञाने १७६८ मध्ये सॅलॅमँडरबद्दल हे लिहून ठेवलं, तेव्हापासून माणसं एकच प्रश्न विचारत आहेत.

माझा प्रश्न त्या प्रश्नाचा एक छोटा तुकडा होता: हात कापल्यापासून पहिल्या चौदा दिवसांत त्या बुडख्यातली प्रथिनं कशी बदलतात?

प्रथिनंच का, हे सांगायला हवं, कारण मलाही ते उशिरा पटलं. कुठलं जनुक चालू झालं हे आरएनए मोजून कळतं, आणि आरएनए मोजणं आता खूप सोपं झालं आहे. पण आरएनए म्हणजे कामाची चिठ्ठी. चिठ्ठी निघाली म्हणजे काम झालं असं नाही. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या एका गटाने नेचर या विज्ञान-नियतकालिकात दाखवलं की अ‍ॅक्सोलॉटलचा पाय कापल्यावर आधीपासून पडून असलेल्या कितीतरी चिठ्ठ्या अचानक वाचल्या जायला लागतात आणि त्यांच्यापासून प्रथिनं तयार होतात. प्रथिननिर्मितीची सूत्रं हलवणारा एमटॉर नावाचा जो रेणू आहे, तो या प्राण्यात सस्तन प्राण्यांपेक्षा जास्त संवेदनशील आहे. म्हणजे फक्त चिठ्ठ्या मोजत बसलो तर नेमकी हीच हालचाल हातून निसटते. ते वाचल्यावर मी रात्री उशिरापर्यंत प्रयोगशाळेत बसून राहिले. वाटलं, आपण योग्य ठिकाणी आलो आहोत.

कामाचा आराखडा साधा होता. दिवस शून्य, म्हणजे कापलेलाच तुकडा. मग पहिला, चौथा, सातवा आणि चौदावा दिवस. प्रत्येक टप्प्यावर बुडख्याचं टोक, जेमतेम दोन-तीन तांदळाच्या दाण्यांएवढं, कापून लगेच द्रवरूप नायट्रोजनमध्ये टाकायचं. एका प्राण्याच्या टोकातून पुरेसं प्रथिन मिळत नाही, म्हणून तीन प्राण्यांची टोकं एकत्र. असे प्रत्येक टप्प्याचे तीन संच. प्रत्येक कापाला भूल, प्रत्येक कापानंतर वेदनाशामक आणि स्वच्छ पाणी, आणि प्रत्येक प्राण्याची नोंद विद्यापीठाच्या प्राणी-नीती समितीकडे. हे सगळं कागदावर नीट बसलं होतं.

डोळ्यांनी जे दिसतं ते विलक्षण आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी बघावं तर जखम बंद झालेली असते. कडेच्या कातडीतल्या पेशी सरपटत येऊन काही तासांत उघडं मांस झाकतात. खपली नाही, पू नाही. वरून पातळ, पारदर्शक पडदा, खाली लालसर मांस. चौथ्या दिवशीही वरून फारसं काही वेगळं दिसत नाही. सातव्या दिवशी टोक किंचित फुगीर आणि फिकट दिसायला लागतं. दहाव्या-बाराव्या दिवसापर्यंत एक गोलसर उंचवटा येतो, त्याला ब्लास्टेमा म्हणतात. आत्याच्या भाषेत कोंब. पुढे तो शंकूसारखा होतो, मग चपटा होतो, मग त्यात बोटांच्या खाचा पडतात.

पहिले चार दिवस मला फार अवघड गेले. रोज टाकी उघडायची, टोकाचा फोटो काढायचा आणि वहीत लिहायचं, "बदल नाही." कुठेतरी खोलवर भीती होती की आपण छाटायला चुकलो.

पण बदल होत होता. तो मला मास स्पेक्ट्रोमीटरने, म्हणजे रेणूंची वजनं मोजणाऱ्या यंत्राने दाखवला, आणि तोही दुसऱ्या प्रयत्नात.

पहिला प्रयत्न मी वाया घालवला. ते इथे लिहायलाच हवं, कारण नव्याने हे काम करणाऱ्या मुलांना ते उपयोगी पडेल. गोठवलेली टोकं खलात दळून आठ मोलर युरियाच्या द्रावणात विरघळवायची असतात. युरिया प्रथिनांच्या घड्या उलगडतो. मग डीटीटी या रसायनाने सल्फरचे बंध तोडायचे, आयोडोअ‍ॅसिटामाइडने ते पुन्हा जुळणार नाहीत असे बंद करायचे, द्रावण पातळ करायचं आणि ट्रिप्सिन घालून रात्रभर ३७ अंशांवर ठेवायचं. ट्रिप्सिन प्रथिनाला लायसिन आणि आर्जिनिन या अमिनो आम्लांच्या पुढे तोडतं, आणि त्या तुकड्यांच्या वजनावरून यंत्र ओळख पटवतं. डीटीटीच्या पायरीला मी नमुने ५६ अंशांवर ठेवले. दुसऱ्या द्रावणासाठी लिहिलेली जुनी पद्धत माझ्या हातात होती आणि त्यात तोच आकडा होता. युरिया असताना नमुना तापवायचा नसतो. तापला की युरियातून सायनेट तयार होतं, ते लायसिनला जाऊन चिकटतं, आणि मग ट्रिप्सिन तिथे तोडतच नाही. यंत्रातून आलेल्या आकड्यांत जिकडे तिकडे चिकटलेल्या सायनेटमुळे ४३ डाल्टनने (रेणूंच्या वजनाचं एकक) जड झालेले तुकडे दिसायला लागले, तेव्हा यंत्र सांभाळणाऱ्या बाईंनी पडद्यावर बोट ठेवलं आणि हळूच विचारलं, "तू हे तापवलं होतंस का?"

नऊ प्राण्यांची टोकं होती ती. मी प्राण्यांच्या खोलीत जाऊन दिवे न लावता बराच वेळ बसले. एखादा रासायनिक नमुना वाया गेला तर दुसरा बनवता येतो. इथे प्रत्येक नमुन्यामागे एक भूल आणि एक काप होता. त्या दिवसापासून नळीवर तापमान लिहिल्याशिवाय मी एकही पायरी करत नाही. माझ्याकडे आता येणाऱ्या विद्यार्थ्यांनाही मी हे पहिल्या दिवशी सांगते.

दुसरी अडचण लोकरीची. हिवाळा होता, मी लोकरीचा स्वेटर घालून काम करत होते. यंत्राने ओळखलेल्या प्रथिनांच्या यादीत मेंढीचं केराटिन, म्हणजे लोकर-केस-कातडीतलं प्रथिन आलं, माझ्या स्वतःच्या कातडीचंही आलं. इतरांनी असलं केराटिन डोळे झाकून गाळून टाकावं, कुणी काही म्हणणार नाही. पण माझ्या नमुन्यात कातडी होती, जखमेवर आलेला थर होता. प्राण्याचं स्वतःचं केराटिन ही माझ्यासाठी माहिती होती. एकेक पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा तुकडा, बघून कुठलं मेंढीचं, कुठलं माझं आणि कुठलं अ‍ॅक्सोलॉटलचं हे वेगळं करायला तीन आठवडे गेले. हे शक्य झालं कारण २०१८ मध्ये या प्राण्याचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला. माणसाच्या सुमारे दहापट लांबीचा, ३२ अब्ज अक्षरांचा. त्याच्या आधी काम करणाऱ्यांना हा आधारच नव्हता.

आणि तरीही त्यांनी केलं. इंडियानापोलिसमध्ये डेव्हिड स्टोकम यांच्या गटाने २००९ मध्येच अ‍ॅक्सोलॉटलच्या पायातल्या प्रथिनांचा अभ्यास छापला होता. कापल्यानंतर पहिल्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी, सुरुवातीच्या तुलनेत लक्षणीय कमी-जास्त झालेली ३०९ प्रथिनं त्यांनी नोंदवली. तो निबंध मी इतक्या वेळा वाचला की छापील प्रतीच्या घड्या फाटल्या. माझं काम म्हणजे त्यांच्या वाटेवरूनच, जास्त चांगला दिवा घेऊन, थोडं पुढे जाणं होतं.

दुसऱ्या खेपेची माहिती आली तेव्हा मी आधी चढत्या बाजूला बघितलं. सगळेच तिकडे बघतात. काय वाढलं? कुठलं प्रथिन हात उगवतं? ताणातल्या पेशींना सांभाळणारी, बिघडलेल्या घड्या नीट करणारी प्रथिनं वर गेली होती. पेशींमधलं जाळं कुरतडणारी मेटॅलोप्रोटीनेज एन्झाइमं होती. टेनॅसिन-सी होतं, फायब्रोनेक्टिन होतं. म्हणजे घट्ट कोलॅजनच्या जागी पेशींना सरकता येईल असा मऊ गालिचा अंथरला जात होता. हे सगळं पुस्तकात होतं आणि ते माझ्या पडद्यावर आलं याचा आनंद होता.

मग मी उतरत्या बाजूला गेले आणि तिथेच अडकले. मायोसिन, ट्रोपोमायोसिन, क्रिएटिन कायनेज, स्नायूंचं आकुंचन घडवणारं जवळजवळ सगळं घसरत होतं. ऊर्जेच्या रोजच्या कारभारातली कितीतरी एन्झाइमं घसरत होती. ज्या चार दिवसांत मी वहीत "बदल नाही" असं लिहित होते, त्याच चार दिवसांत आत सगळं उतरवलं जात होतं. स्नायूंचे तंतू सुटत होते, हाडाची कड झिजत होती, पेशी आपापल्या जाळ्यातून मोकळ्या होत होत्या. हात येण्याच्या आधी बुडख्यातला उरलेला हातही काही अंतरापर्यंत मोडला जातो. ही गोष्ट मी वर्गात शिकले होते. पण माझ्याच प्राण्यांच्या आकड्यांत ती दिसली तेव्हा पहिल्यांदा समजली.

आमच्या प्रमुखांनी लगेच एक खोच काढली, आणि ती रास्त होती. मी प्रत्येक नळीत सारख्याच वजनाचं प्रथिन घातलं होतं. दिवस शून्यच्या तुकड्यात भरपूर स्नायू, चौदाव्या दिवसाच्या टोकात जवळजवळ नाहीच. मग मायोसिन कमी दिसणारच. पेशींनी ते बनवणं थांबवलं की नुसती टोकातली पेशींची सरमिसळ बदलली? या दोन गोष्टी माझी माहिती वेगळ्या करू शकत नव्हती. शिवाय यातलं किती निव्वळ जखम भरण्याचं आणि किती हात उगवण्याचं? म्हणून आणखी एक संच करावा लागला: दंडाच्या कडेला फक्त कातडीची जखम, जी भरते पण जिथे काही उगवत नाही. पहिल्या दिवशी दोन्ही संच बरेचसे सारखे दिसले. चौथ्या दिवसापासून वाटा वेगळ्या झाल्या. माझ्या प्रबंधातला सगळ्यात भरवशाचा भाग मला हाच वाटतो, आणि तो माझ्या शंकेतून आलेला नाही, त्यांच्या शंकेतून आला आहे.

एका प्रथिनाने मात्र माझी झोप उडवली. ईव्हीआय५. इंडियानापोलिसच्या निबंधात ते तिन्ही दिवशी कमालीचं वाढलेलं होतं. गंमत अशी की हे प्रथिन पेशीविभाजन पुढे ढकलतं. जिथे लाखो नव्या पेशी हव्या आहेत, तिथे विभाजनाला लगाम घालणारं प्रथिन एवढं का? त्या लेखकांचा विचार असा होता की पेशी विभाजनाच्या चक्रात शिरतात खऱ्या, पण पुरेशा पेशी मोकळ्या होऊन टोकाशी जमेपर्यंत त्यांना शेवटच्या पायरीवर रोखून धरलं जातं. हे वाचून मला पहिल्या चार दिवसांचे माझे फोटो पुन्हा काढून बघावेसे वाटले. एकही फोटो वेगळा नव्हता, पण मी त्यांच्याकडे आता वेगळ्या नजरेने बघत होते.

आत्याला हे सांगितलं. तिचा प्रश्न मात्र नेहमीसारखाच नेमका होता. "मग आमच्यात काय हुतं? आमच्यात बी मोडतं का आदी?"

मी तिला सांगितलं की आपल्यात जखम घाईने शिवली जाते. कोलॅजनचे जाड दोर टाकून भोक बुजवलं जातं, त्याला आपण वण म्हणतो. २०१३ मध्ये एका गटाने अ‍ॅक्सोलॉटलमधल्या मॅक्रोफेज पेशी काढून टाकल्या, म्हणजे मेलेलं खाऊन साफसफाई करणाऱ्या पेशी. तेव्हा त्याचाही हात उगवला नाही, आणि बुडख्यावर वणासारखं टणक मांस साठलं. आपल्याकडेही मॅक्रोफेज आहेत, फक्त त्यांचं वागणं वेगळं. आणि लहान मुलाच्या बोटाचं अगदी टोक तुटलं, नखाचं मूळ शाबूत राहिलं, तर तेवढं टोक आपल्यातही भरून येतं. आत्या गप्प राहिली. तिची बोटं पेरातून गेली होती. मी हे तिला सांगायला नको होतं की सांगायलाच हवं होतं, मला अजून ठरवता येत नाही.

आता माझ्याकडे नसांचं काम आहे. खांद्याजवळच्या नसा कापल्या तर जखम बंद होते, पण कोंब येत नाही. नसा कापल्या की पाय परत येत नाही, हे ट्वीडी टॉड नावाच्या संशोधकाने १८२३ मध्येच नोंदवलं होतं. २००७ मध्ये लंडनच्या एका गटाने न्यूट या दुसऱ्या प्रकारच्या सॅलॅमँडरमध्ये एनएजी नावाचं प्रथिन शोधलं. आधी नसांभोवतीच्या आवरणपेशी ते बनवतात, मग वरच्या थरातल्या ग्रंथी. नसा कापलेल्या बुडख्यात हे एकच प्रथिन तयार होईल अशी सोय केली, तेव्हा पाय बोटांपर्यंत वाढला. एका प्रथिनाची एवढी ताकद! मला नसा असलेल्या आणि नसा कापलेल्या बुडख्यांच्या याद्या शेजारी शेजारी ठेवून बघायच्या आहेत. उतरवण्याचं काम नसांशिवायही होतं का, आणि नेमकं कुठल्या दिवशी अडतं? यात एक कटकट आहे. कापलेल्या नसाही परत वाढतात, त्यामुळे त्या पुन्हा कापाव्या लागतात. म्हणजे प्राण्याला आणखी एक भूल. संख्या कमीत कमी किती ठेवता येईल याचा हिशेब मी चार वेळा केला आहे.

सगळे प्राणी नमुन्यासाठी वापरले नव्हते. दोन प्राणी आम्ही पूर्ण वाढ बघायला ठेवले होते. सातव्या आठवड्यात त्यातल्या एकाचा हात पूर्ण दिसायला लागला, मूळ हातापेक्षा थोडा लहान आणि फिकट, पण हालणारा. मी त्याला गांडुळाचा तुकडा टाकला आणि व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळ होती, आत्या गोठ्यात होती.

तिने फोन डोळ्यांजवळ नेला आणि बोटं मोजली.

"चारच हायेत की गं."

"पुढच्या पायाला त्याला मूळचीच चार असतात, आत्या."

"बरं." ती थोडा वेळ बघत राहिली. "कापलेलं कुठनं ते?"

मी कॅमेरा काचेला लावला आणि दंडाच्या मधोमध बोट दाखवलं. तिथे काहीच नव्हतं. रेघ नाही, खोक नाही, रंगाचा फरकही नाही.

"परत दाखव," आत्या म्हणाली. प्राणी वळला होता. तो पुन्हा या बाजूला येईपर्यंत आम्ही दोघी थांबलो.